मुठीत मावणारी टाकी: मॉडेल विमानाच्या इंधनटाकीचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की इंधनाच्या टाकीवर तासभर बोलण्यासारखं काय आहे? एक डबा असतो, त्यात इंधन भरायचं, नळी लावायची, झालं. बोलायचंच तर इंजिनावर बोला, पंखांवर बोला, रेडिओवर बोला. मॉडेल विमानांची जी पुस्तकं आपण लहानपणी चाळली त्यांतही इंजिनाला पूर्ण प्रकरण असायचं आणि टाकीला परिच्छेद.

आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. गेल्या नव्वद वर्षांत या छोट्या विमानांपुढे जे जे प्रश्न आले, ते बहुतेक सगळे शेवटी टाकीपाशी येऊन थांबले. नियम बदलले की टाकी बदलली, इंधन बदललं की टाकी बदलली, विमान उलटं उडायला लागलं की टाकी बदलली. आणि या सगळ्या बदलांमागे एकच प्रश्न होता, तो म्हणजे इंधन *साठवायचं* कसं हा नव्हे, तर ते सुरुवातीपासून शेवटच्या थेंबापर्यंत *सारख्याच दाबानं* इंजिनाला पोचवायचं कसं? आजचं व्याख्यान या एका प्रश्नाचा इतिहास आहे असं समजा.

सुई जमिनीवर लावायची असते

इतिहासाकडे जाण्याआधी यंत्र थोडं समजून घेऊ. मॉडेलच्या साध्या इंजिनाला इंधनाचा पंप नसतो. इंजिन हवा आत ओढतं, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या गळ्यात एक बारीक नळी असते. बाहेरचा हवेचा दाब टाकीतल्या इंधनाला ढकलतो आणि ते त्या नळीतून गळ्यात येतं. किती यावं हे एक सुईसारखी झडप ठरवते, तिला सगळे नीडल व्हॉल्व्ह म्हणतात.

आता गंमत बघा. ही सुई उडवणारा माणूस जमिनीवर लावतो. इंजिन सुरू करतो, आवाज ऐकतो, सुई एखादा अंश इकडे, एखादा अंश तिकडे फिरवतो आणि विमान सोडतो. त्यानंतर हवेत त्या सुईला हात लावणारं कोणी नसतं. म्हणजे सुई लावताना जो दाब होता तो टाकी भरलेली असताना, अर्धी असताना आणि तळाला गेली असताना तसाच राहायला हवा. दाब घटला तर इंधन कमी पडतं, इंजिन तापतं, आवाज चढतो आणि ते बंद पडतं. वाढला तर इंजिन गुदमरतं. ज्यानं दोन-तीन महिने खपून बाल्सा लाकडाचं विमान उभं केलं आहे, त्याच्यासाठी या दोन्हींचा अर्थ पुष्कळदा एकच असतो, तो म्हणजे ढलप्यांचा ढीग.

पूर्ण आकाराच्या विमानांनी सुरुवातीला हा प्रश्न सोप्या रीतीनं सोडवला होता. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानात वरच्या पंखाखाली एका खांबाला पत्र्याची छोटी टाकी बांधलेली होती आणि इंधन गुरुत्वाकर्षणानं आपोआप खाली इंजिनात उतरत होतं. विमान सरळ उडत असेल तोवर हे चालतं. ते कलंडलं, उलटं झालं, गिरक्या घेऊ लागलं, की 'खाली' या शब्दाचा अर्थच बदलतो.

चमच्यानं मोजलेलं पेट्रोल

मॉडेलच्या पेट्रोल इंजिनांचं युग खऱ्या अर्थानं अमेरिकेत सुरू झालं. फिलाडेल्फियाचे बिल ब्राउन यांनी सुमारे १० सीसीचं ठिणगीवर चालणारं छोटं इंजिन बनवलं. त्यांचे मित्र मॅक्सवेल बॅसेट यांनी ते विमानात बसवून १९३२ साली अटलांटिक सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरवलं. पुढच्याच वर्षी, १९३३ साली, न्यूयॉर्कच्या स्पर्धेत त्यांनी पिळलेल्या रबरावर उडणाऱ्या विमानांना मागे टाकून महत्त्वाच्या ट्रॉफ्या पटकावल्या. इतक्या, की पेट्रोल विमानांना वेगळा वर्ग करून द्यावा लागला. लवकरच ब्राउन ज्युनिअर या नावानं ते इंजिन विकलं जाऊ लागलं, आणि त्याची टाकी इंजिनालाच जोडलेली यायची. घेणाऱ्याला टाकी 'निवडायची' वेळच नव्हती.

ही विमानं मुक्त उड्डाणाची होती. म्हणजे सोडलं की सोडलं, त्यावर कोणाचाही ताबा नाही. इंजिन विमानाला वर नेणार, मग बंद पडणार आणि विमान तरंगत खाली येणार. आता टाकी मोठी असेल तर काय होईल? विमान वर जातच राहील आणि नजरेआड होईल. पुष्कळांची विमानं अशी गेली, ती परत आलीच नाहीत. खाली गावं आहेत, रस्ते आहेत, माणसं आहेत, हाही विचार होताच.

म्हणून स्पर्धांचा पहिला नियम टाकीवर आला. विमानाच्या वजनाच्या प्रमाणात इंधन. एका पौंडाला पाव औंस, म्हणजे साधारण ७ मिली. तेही जास्त वाटू लागलं, तेव्हा अष्टमांश औंस. पाच पौंडांचं विमान घेऊन आलात, तर जेमतेम १८ मिली पेट्रोल मोजून मिळणार. इथे टाकीचं काम इंधन पुरवणं नव्हतं, ते *संपवणं* होतं. आपल्या विषयातला हा पहिला धडा. टाकीची निवड इंजिनाच्या आकारावरून होत नाही, विमानानं काय करायचं आहे यावरून होते.

पुढे मोजलेल्या इंधनाची जागा मोजलेल्या सेकंदांनी घेतली. घड्याळासारखा टायमर ठरलेल्या वेळी ठिणगी बंद करायचा. मुक्त उड्डाणाच्या आंतरराष्ट्रीय वर्गात तो वेळ घटत घटत आता काही सेकंदांवर आला आहे.

तारेवरचं विमान आणि 'खाली'चा नवा अर्थ

१९४० सालच्या सुमारास ऑरेगनमधल्या पोर्टलंडचे जिम वॉकर यांनी 'फायरबॉल' नावाचं विमान बाजारात आणलं. उडवणारा मधे उभा, हातात मूठ, मुठीतून दोन तारा विमानाकडे, आणि विमान त्याच्याभोवती घिरट्या घालतंय. तारा खेचल्या की शेपटीची पट्टी हलते आणि विमान वर-खाली जातं. आज आपण याला कंट्रोल लाइन म्हणतो. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेतून गेलेल्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. कॅडेटांना तो आजही शिकवतात.

विमान आता माणसाच्या ताब्यात आलं, पण टाकीपुढे नवाच पेच पडला. गोफण फिरवून पाहिली आहे ना? दगड बाहेरच्या बाजूला ओढ घेतो. तीच ओढ टाकीतल्या इंधनाला लागते. थोडा हिशेब करू. समजा तार १८ मीटरची आहे आणि विमान सेकंदाला ३० मीटरनं, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरनं जातंय. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं, की ५० येतात. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट ओढ, आणि ती जमिनीकडे नाही, वर्तुळाच्या बाहेर. इंधनाच्या दृष्टीनं आता 'खाली' म्हणजे बाहेरची भिंत.

आता टाकी ५ सेंटिमीटर रुंद असेल, तर भरलेल्या टाकीत बाहेरच्या भिंतीपाशी जो दाब असतो तो जमिनीवरच्या २५ सेंटिमीटर उंच इंधनाच्या स्तंभाएवढा होतो. वीतभर! आणि टाकी रिकामी होत जाते तसा तो शून्याकडे सरकतो. म्हणजे सुई जमिनीवर लावली एका दाबाला, उड्डाण सुरू झालं दुसऱ्याच दाबाला आणि संपलं तिसऱ्याच दाबाला. युद्धानंतरच्या वेगाच्या स्पर्धांत तर विमानं ७० फुटांच्या तारेवर ताशी दीडशे मैलांच्या पुढे जाऊ लागली. तिथे ही ओढ गुरुत्वाकर्षणाच्या एकवीसपट. २ सेंटिमीटर रुंदीची टाकीसुद्धा जवळजवळ हातभर उंचीचा दाब देते.

यावर उत्तर शोधलं ते कुठल्या प्रयोगशाळेनं नाही. ते घराघरांतल्या कामाच्या टेबलांवर सापडलं. डब्याचा पातळ पत्रा कापायचा, वाकवायचा, पितळी नळ्या बसवायच्या आणि डाग देऊन झाळायचा. पाचरीच्या आकाराची टाकी अशी घडली. बाहेरच्या बाजूला दोन पत्रे एका धारेत मिटतात, म्हणजे शेवटचे थेंब त्या धारेत गोळा होतात. इंधन ओढणाऱ्या नळीचं तोंड त्याच धारेत, मागच्या कोपऱ्यात. हवा आत येण्याच्या नळ्या आतल्या बाजूला, म्हणजे त्यातून इंधन सांडणार नाही. कसरतीच्या विमानात अशा दोन नळ्या, एक वर आणि एक खाली, कारण विमान सरळही उडणार आणि उलटंही. ही टाकी हातात घेऊन पाहिली, तर तिच्या आकारातच विमानावरचे सगळे जोर लिहिलेले दिसतात.

उलटं उडण्यावरून एक गोष्ट सांगायला हवी. याच काळात पूर्ण आकाराच्या विमानांनाही हाच त्रास होता. स्पिटफायर विमानानं नाक झपकन खाली केलं, की त्याच्या मर्लिन इंजिनाचा कार्ब्युरेटर गडबडायचा आणि इंजिन क्षणभर बंद पडायचं. जर्मन विमानांत इंधन थेट फवारलं जायचं, त्यांना हा त्रास नव्हता. १९४१ साली बिअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी भोक पाडलेली एक छोटीशी पितळी चकती इंधनाच्या वाटेत बसवून त्यावर तात्पुरता उतारा काढला. एवढ्या मोठ्या यंत्राचं जे दुखणं, तेच आपल्या मुठीएवढ्या टाकीचं.

कोंबड्यांचं भांडं आणि मारिओत

पाचरीच्या टाकीनं शेवटचा थेंब मिळू लागला, पण दाब बदलण्याचा प्रश्न राहिलाच. त्याचं उत्तर मात्र फार जुनं होतं.

घरी माठावर वीस लिटरची पाण्याची बाटली उलटी ठेवतात, ती आठवा. तोटीतून पाणी काढलं, की बाटलीत बुडबुडे वर जातात आणि माठातली पातळी पुन्हा तेवढीच होते. बाटली भरलेली असो की अर्धी, माठातली पातळी बदलत नाही. कोंबड्यांना पाणी पाजण्याचं भांडंही याच तत्त्वावर चालतं. सतराव्या शतकातले फ्रेंच शास्त्रज्ञ एदम मारिओत यांच्या नावानं हे तत्त्व ओळखलं जातं. बंद भांड्यात हवा जिथून शिरते, तिथे दाब कायम बाहेरच्या हवेएवढा राहतो. वर द्रव किती शिल्लक आहे याच्याशी त्याचा संबंध उरत नाही.

मॉडेलवाल्यांनी यातून दोन टाक्या काढल्या. एकीत मोठ्या खणाला लागून एक छोटा खण, आणि त्या छोट्या खणातली पातळी कायम. तिला इंग्रजीत नावच पडलं 'चिकन हॉपर', कोंबड्यांच्या भांड्यावरून. दुसरी 'युनिफ्लो'. तिच्यात हवेच्या नळीचं आतलं तोंड इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ आणून ठेवतात आणि बाकी टाकी हवाबंद. आता इंधनाच्या वाटेवरचा दाब ठरतो तो या दोन तोंडांमधल्या अंतरावर, टाकीच्या रुंदीवर नाही. पहिल्या फेरीला जो आवाज, तोच शेवटच्या फेरीला. नळी थोडी वाकवली एवढंच, वजनात वाढ जवळजवळ नाही. आमच्या मते या छंदातली ही सगळ्यात देखणी युक्ती आहे.

एरंडेलाचा वास

इकडे इंधनही बदलत होतं. ठिणगीच्या इंजिनात पेट्रोल आणि जाड खनिज तेल तीनास एक असं मिसळायचे. शिवाय बॅटरी, कॉइल, कंडेन्सर हा सगळा संसार विमानात वाहून न्यावा लागे. १९४७च्या अखेरीस अमेरिकेत रे आर्डन यांनी ग्लो प्लग आणला. प्लॅटिनमच्या तारेचं छोटं वेटोळं, एकदा बाहेरच्या बॅटरीनं तापवलं, की मिथेनॉलच्या वाफेत ते आपोआप धगधगत राहतं. विमानातून बॅटरी-कॉइल गेली.

या बदलाचे टाकीवर तीन परिणाम झाले.

पहिला, आकार. पेट्रोल जाळायला वजनानं साधारण पावणेपंधरापट हवा लागते, मिथेनॉलला जेमतेम साडेसहापट. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त जळतं. तेवढाच वेळ उडायचं तर टाकी दुपटीहून मोठी.

दुसरा, टाकीचा पदार्थ. मिथेनॉल हे कडक द्रावक आहे. जुन्या पारदर्शक टाक्यांचं सेल्युलोजचं प्लॅस्टिक आणि विमानाच्या कागदावरचा डोप नावाचा रोगण, दोन्ही त्यानं मऊ पडायचे. म्हणून पत्र्याच्या टाकीचं राज्य आणखी काही वर्षं लांबलं.

तिसरा परिणाम चटकन लक्षात येत नाही. ठिणगीचं इंजिन बटणानं बंद करता येतं. ग्लो इंजिनाला बटणच नाही! ते थांबवायचं, तर इंधन तोडावं लागतं. नळी चिमटून धरायची, किंवा उलट एकदम जास्त इंधन घुसवून इंजिन बुडवायचं. म्हणजे इंजिन थांबवण्याची जबाबदारीही आता टाकी आणि तिच्या नळीकडे आली.

आणि तेल? एरंडेल पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही, पण मिथेनॉलमध्ये सुरेख विरघळतं आणि फार तापलं तरी धातूला चिकटून राहतं. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांतही तेच वापरायचे. आपल्या घरी लहानपणी नाक दाबून घ्यायला लावायचे तेच हे तेल, आणि जगातलं बहुतेक एरंडेल आजही भारतातूनच जातं. जगभरच्या मैदानांवर या छंदाचा जो ओळखीचा वास आहे, त्यात असा आपला वाटा आहे.

एक सूचना इथेच. मिथेनॉल विषारी आहे. विषारी दारूच्या बातम्यांमध्ये माणसं दगावतात, त्यामागे बहुधा तेच असतं. टाकीची नळी तोंडानं ओढायची नाही, आणि इंधन पाण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही.

दीड चमच्याची शर्यत, पेनातली पिशवी

स्पर्धेच्या नियमानं टाकी कशी घडते याचं उत्तम उदाहरण म्हणजे टीम रेस. तीन विमानं एकाच वर्तुळात, एकाच वेळी तारांवर उडतात. १०० फेऱ्या, म्हणजे १० किलोमीटर. इंजिन अडीच सीसीचं. आणि टाकी? आधी १० सीसीची मर्यादा होती, नंतर ७ सीसी झाली, तीही नळ्यांसकट. चहाचा जेमतेम दीड चमचा. तेवढ्यात १० किलोमीटर होत नाहीत, म्हणून मधे उतरायचं, जोडीदारानं विमान पकडायचं, दाबाच्या बाटलीतून क्षणात टाकी भरायची आणि पुन्हा सोडायचं. हे सगळं धरून चांगल्या जोड्या शर्यत तीन मिनिटांच्या आसपास संपवतात. इथे ग्लो इंजिन परवडत नाही. रॉकेल, इथर आणि तेलावर चालणारं, दाबानंच पेट घेणारं इंजिन लागतं, ज्याला मॉडेलवाले डिझेल म्हणतात. पाहा, टाकीच्या मापानं इंजिनाची जात ठरवली.

याच्या उलट गेले ते झुंजीच्या विमानांचे लोक. झुंजीत शेपटीला कागदाची पट्टी बांधलेली असते, ती प्रतिस्पर्ध्यानं कापायची. विमान इतकं गरगरतं, की कुठलीच पत्र्याची टाकी पुरी पडत नाही. शिवाय जास्त ताकद हवी तर हवेचा गळा रुंद करावा लागतो, आणि गळा रुंद केला की इंधन ओढण्याचा जोर कमी होतो. मग इंधनच दाबाखाली ठेवायचं. कशात? शाईच्या पेनातल्या रबरी पिशवीत! नंतर लहान मुलांच्या चोखणीत आणि पुढे शस्त्रक्रियेच्या रबरी नळीत. पिचकारीनं इंधन भरलं, की रबर फुगतं आणि इंधनाला स्वतःच ढकलत राहतं.

फुगा फुगवताना आपण अनुभव घेतलेला असतो. सुरुवातीला जोर लागतो, मग बराच वेळ साधारण सारख्याच जोरानं तो फुगत जातो. उलट रिकामा होतानाही दाब बराच वेळ साधारण तोच राहतो. म्हणजे पुन्हा तेच: स्थिर दाब. मारिओतनं हवेच्या नळीनं जे साधलं, ते यांनी रबरानं साधलं. शिवाय त्या पिशवीत हवाच नसते, म्हणून विमान कसंही वळलं तरी नळीत बुडबुडा शिरत नाही.

प्लॅस्टिकची बाटली आणि लोंबतं वजन

१९५०-६०च्या दशकांत रेडिओवरची विमानं वाढली आणि त्यांच्या इंजिनांना थ्रॉटल आला. आता इंजिन मंदही चालणार, पूर्ण वेगानंही. विमान कुठल्याही दिशेला तोंड करणार. 'खाली' कुठे आहे हे टाकीला आधी सांगताच येणार नाही. मग टाकीच्या आत मऊ नळी आणि तिच्या टोकाला धातूचं वजन. इंधन जिकडे जाईल तिकडे वजनही जातं आणि नळीचं तोंड बुडालेलं राहतं. याला क्लंक टाकी म्हणतात. बाटली हलवली की आत जो ठक्-ठक् आवाज येतो, त्यावरून.

आणि ही बाटली पॉलिथिनची. १९३३ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत जवळजवळ अपघातानं सापडलेला हा पदार्थ युद्धात रडारच्या तारांना आवरण म्हणून गेला आणि युद्धानंतर घरोघरी बाटल्या होऊन आला. मिथेनॉल त्याचं काही बिघडवत नाही. तो हलका आहे, फुटत नाही, आणि डाग द्यायला शिकावं लागत नाही. पत्र्याच्या टाकीचं युग बहुतेकांसाठी इथे संपलं.

पुढे आवाजाच्या तक्रारी आल्या, इंजिनांना सायलेन्सर आले. त्या सायलेन्सरमधला थोडासा दाब एका नळीनं टाकीत सोडला, की इंधनपुरवठा जास्त एकसारखा होतो, हे लक्षात आलं. शेजाऱ्यांच्या तक्रारीतून टाकीचा फायदा झाला म्हणा ना! नंतर मोठ्या विमानांत लाकूड कापायच्या करवतीची पेट्रोल इंजिनं आली. त्यांच्या कार्ब्युरेटरला पडद्याचा स्वतःचा पंप असतो. तिथे टाकी इंजिनापासून दूर, विमानाच्या मधोमध ठेवता येते. मात्र पेट्रोलमध्ये सिलिकॉनची नळी फुगते, त्यामुळे नळी आणि बूच दोन्ही बदलावी लागतात.

या सगळ्याचं टोक म्हणजे अमेरिकेतले मेनार्ड हिल. त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मॉडेल विमानानं अटलांटिक ओलांडायचा त्यांचा ध्यास होता. आधीचे प्रयत्न फसले. ९ ऑगस्ट २००३ रोजी न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरहून त्यांचं विमान निघालं आणि ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळ उतरलं. अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर. याच क्लिफडेनजवळ १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन अटलांटिक पार करून उतरले होते. मॉडेलसाठी एकूण वजनाची मर्यादा ५ किलो, त्यात जवळपास निम्मं इंधन. सुमारे १० सीसीच्या, म्हणजे ब्राउन ज्युनिअरएवढ्याच इंजिनानं तासाला साधारण दोन औंस इंधन घेतलं. साधं ग्लो इंजिन तेवढं दोन मिनिटांत पितं! नव्वद वर्षांपूर्वी ज्या टाकीचं काम विमान दूर जाऊ न देणं हे होतं, तिनंच शेवटी महासागर ओलांडला.

मग टाकी निवडायची कशी?

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, इंजिन किती सीसीचं? तो चुकीचा नाही, पण शेवटचा आहे. इतिहासानं शिकवलेला क्रम असा:

आधी विमान काय करणार ते ठरवा. सरळ उडणार, गिरक्या घेणार, की वर्तुळात फिरणार? त्यावरून टाकीचा प्रकार ठरतो. मग इंधन कोणतं? त्यावरून टाकी, नळी आणि बूच कशाचं ते ठरतं. मग जागा. साध्या इंजिनाला टाकी जितकी जवळ तितकी बरी, आणि तिची मधली रेषा सुईच्या पातळीत किंवा किंचित खाली. टाकीला फोम गुंडाळा, म्हणजे थरथरीनं इंधनाला फेस येणार नाही. आणि मग आकार. साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला साधारण एक औंस, म्हणजे ३० मिली घेतं. थ्रॉटल कमी-जास्त करत दहा-बारा मिनिटं उडायचं, तर आठ ते दहा औंस पुरे. त्याहून मोठी टाकी म्हणजे जास्त उड्डाण नव्हे. नाकातलं वजन वाढतं, आणि भरलेल्या व रिकाम्या टाकीतला फरकही वाढतो.

शेवटचं थोडं. आता बहुतेक विमानं विजेवर उडतात. बॅटरीला पातळी नसते, फेस नसतो, सुई नसते. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण संग्रहालयात गेलात, तर इंजिन काचेत दिसतं, विमान छताला टांगलेलं दिसतं. टाकी विमानाच्या पोटात असते, म्हणून ती दिसत नाही आणि इतिहासातही येत नाही. पाचरीचा कोन किती, नळी कुठे वाकवली, हवेचं भोक कुठे ठेवलं, हे ज्यांनी चुकतमाकत शोधलं त्यातल्या बहुतेकांची नावं कुठे नाहीत. त्यांचं लिखाण म्हणजे त्या टाक्याच. तेव्हा घरातल्या जुन्या पेटीत डाग दिलेला, गंजलेला, नळ्या फुटलेला पत्र्याचा डबा सापडला, तर भंगारात देण्याआधी नळ्यांची तोंडं आत कुठे उघडतात ते एकदा बघा आणि कागदावर काढून ठेवा.

*(श्रोत्यांतून प्रश्न: पत्र्याची टाकी आज करायची असेल तर काय सांभाळावं?)*

चांगला प्रश्न. डाग देऊन झाल्यावर आतलं फ्लक्स गरम पाण्यानं नीट धुऊन काढा, नाहीतर गंज चढतो आणि त्याचा कण सुईत अडकतो. मग एक नळी सोडून बाकीच्या बंद करा, टाकी पाण्यात बुडवा आणि हळूच हवा भरा. बुडबुडा दिसला तर तिथे पुन्हा डाग. हे सगळं टाकीत इंधन घालण्याआधी. एकदा इंधन गेलेल्या टाकीजवळ, ती रिकामी दिसली तरी, तापलेली कावी किंवा ज्योत न्यायची नाही. आतली वाफ भडकते. जुनी टाकी दुरुस्त करायची असेल, तर ती आधी पाण्यानं अनेकदा धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच हात लावा.

इथे थांबू या.